बियाण्याच्या भातास लागणारी कीड
(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



कार्यकारी मंडळाने आम्हांस या मेळाव्यात बोलावयास पाचारण केले आणि विषय निवडण्याची मोकळीकही दिली, याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. या व्यासपीठावरून आजवर शिक्षण, वसतिगृह, विवाहातील अवाजवी खर्च अशा थोर विषयांवर विद्वानांची भाषणे झाली आहेत. आमची उभी हयात शेतकी खात्यात, आणि तीही बहुतांशी भाताच्या बियाण्यात गेली. तेव्हा आम्ही आपणांपुढे एक धाकटा विषय घेऊन उभे आहोत. पेरणीसाठी म्हणून घरात राखून ठेवलेल्या भातास जी कीड लागते, तिच्याविषयी आम्हांस आज बोलावयाचे आहे.

समोर बसलेल्या मंडळींपैकी निम्मीअधिक मंडळी मुंबई, ठाणे, पुणे येथे स्थायिक झालेली आहेत, हे आम्ही जाणतो. परंतु गावची जमीन कोणाचा भाऊ, कोणाची वहिनी, कोणाचा चुलता अद्याप कसतो आहे. वर्षातून एकदा गावाकडून भाताचे पोते येते, त्यात कधी सोंडे निघतात, गृहिणी तांदूळ उन्हात घालते, निवडते, आणि भात शिजतो. खाण्याच्या तांदळातील किडीचा प्रश्न येथे मिटतो. बियाण्याचा तसा मिटत नाही. शंभर दाण्यांतील दहा दाणे पोखरले गेले तर खाणाऱ्याचे दहाही दाणे पुरते जात नाहीत. त्यांतील काही पीठ, काही कणी उरतेच. पेरणाऱ्याची मात्र तेवढी रोपे नाहीशी झालेली असतात. किड्याने अंकुराचा भाग खाल्ला तर दाणा तेथेच मेला. अंकुर राहिला आणि आतील पिठूळ भाग खाल्ला गेला, तर कोंब फुटतो, पण त्याला पोसणारी शिदोरीच उरलेली नसते. असे रोप दाढीत पिवळे पडून बसते आणि शेतकरी पावसाला किंवा खताला दोष देतो. खरा चोर त्याच्या घरातच मार्गशीर्षापासून बसलेला असतो.

हा चोर एकच नाही. आपल्याकडील भातास मुख्यतः तिघे उपद्रव देतात. पहिला सर्वांच्या परिचयाचा सोंडा. याची मादी आपल्या सोंडेने दाण्यास बारीक भोक पाडते, त्यात एक अंडे घालते आणि चिकट द्रव्याने ते भोक बुजवून टाकते. वरून पाहणाऱ्यास काहीच दिसत नाही. मात्र हा सोंडा तुसाच्या आतील भातास सहसा फारसे काही करू शकत नाही. तूस धड असेल तर तो बाहेरच अडतो. त्याचा खरा पराक्रम सडलेल्या तांदळात. दुसरा दाणे पोखरणारा बारीक, लांबट, तपकिरी भुंगेरा. याची अळी आणि प्रौढ किडा दोघेही खातात, त्यांचे जबडे बळकट असतात, आणि भाताच्या राशीत पिठासारखी भुकटी साठलेली दिसली की याची वस्ती झाली असे समजावे.

तिसऱ्याविषयी थोडे विस्ताराने बोलणे भाग आहे, कारण बियाण्याचा खरा वैरी तोच. आपल्या बायाबापड्या त्याला ‘पाकोळी’ म्हणतात. उन्हाळ्यात कणगीचे झाकण उघडावे आणि आतून गवताच्या रंगाची, नखाहून लहान पाखरे भुरभुर उडावीत, ती हीच. पुस्तकी भाषेत याला धान्यातील पतंग म्हणतात. पाश्चात्त्य देशांत हा अंगूम्वा या फ्रान्समधील प्रांताच्या नावाने ओळखला जातो. अठराव्या शतकात त्या प्रांतात या पतंगाने धान्याची अशी नासाडी मांडली, की १७६० साली तेथील विज्ञान अकादमीने द्युआमेल द्यु मोंसो आणि तिये या दोन शास्त्रज्ञांस मुद्दाम तेथे पाठविले, आणि १७६२ साली त्यांचा या एका किड्यावरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. आपल्या कणगीतील पाकोळीची कुळकथा अशी दूरवर जाते, हे ऐकून काही मंडळींस नवल वाटेल.

या पतंगाची रीत मोठी कपटी आहे. तो स्वतः धान्य खातच नाही. पाखराचे आयुष्य थोड्या दिवसांचे, अंडी घालण्यापुरते. मादी दाण्यांवर शंभराच्या आसपास अंडी घालते. पुष्कळदा ती हे काम घरात नव्हे, तर शेतात, लोंबी पिकत असतानाच उरकते. म्हणजे आपण कापणी करून जे भात घरी आणतो, त्याच्याबरोबर शत्रूही आपल्याच डोक्यावरून घरात येतो. अंड्यातून निघालेली केसाएवढी अळी दाण्याच्या तुसात फट शोधते. भाताच्या दाण्यास दोन टरफले असतात आणि ती कडीत कडी घालावी तशी एकमेकांत अडकलेली असतात. ही कडी घट्ट असेल तर पुष्कळ अळ्या बाहेरच मरून जातात. जरा कोठे उसवली असेल तर तेवढ्यातून अळी आत शिरते. एकदा आत गेली की ती आपले सारे बालपण त्या एका दाण्यात काढते. कोशात जाण्यापूर्वी ती आतून वाटोळी खिडकी कोरते, पण पुरती नाही. वरचा पातळ पापुद्रा तसाच ठेवते. पुढे पाखरू तो पापुद्रा ढकलून बाहेर पडते. म्हणून आम्ही म्हणतो, दाण्यास भोक दिसले ते किडीचे आगमन नव्हे, निर्गमन होय.

आपल्या कोकणच्या उष्ण हवेत अंड्यापासून पाखरापर्यंतचा हा संसार सुमारे चार ते पाच आठवड्यांत आटोपतो. कार्तिकात भात घरात आले, ज्येष्ठात पेरणी. मधल्या सहा-सात महिन्यांत पाच पिढ्या सहज होतात. एका मादीच्या शंभर अंड्यांतून केवळ दहा माद्या जगल्या असे धरले, तरी पाचव्या पिढीस हिशेब लाखाच्या घरात जातो. कागदावरचा हा हिशेब प्रत्यक्षात अर्थातच इतका सरळ चालत नाही. तथापि पौषात कणगी स्वच्छ दिसत होती आणि वैशाखात भातात दमच उरला नाही, असे गाऱ्हाणे आम्ही गावोगाव ऐकले, त्याचे उत्तर या हिशेबात आहे. करणीबाधेचा त्यात काही संबंध नाही.

कीड वाढण्यास हवे काय? ऊब आणि ओलावा. ऊब आपल्या हाती नाही. ओलावा पुष्कळसा आपल्या हाती आहे, आणि आमच्या आजच्या साऱ्या बोलण्याचा इत्यर्थ कोणी विचारला तर तो एवढाच. शंभर भाग भातात बारा-तेरा भागांहून अधिक पाणी नसावे. प्रमाणित बियाण्यासाठी सरकारी नियमही तेराचाच आहे. त्याच नियमाप्रमाणे शंभरांपैकी निदान ऐंशी दाणे उगवले पाहिजेत आणि किडके दाणे दोनशेंत एकाहून अधिक असता कामा नयेत. शास्त्रज्ञांनी एक ठोकताळा बांधला आहे, की बियाण्यातील ओलावा एका टक्क्याने उतरला तर त्याचे आयुष्य सुमारे दुपटीने वाढते. दहा टक्क्यांच्या खाली गेलेल्या दाण्यात सोंड्यास प्रजा वाढविणेही कठीण जाते.

पूर्वी दसऱ्यानंतर ऊन कडकडीत पडे आणि हे काम निसर्गच करून टाकी. अलीकडे तो भरवसा राहिला नाही. २०१९ साली ऑक्टोबरच्या अखेरीस अरबी समुद्रात ‘क्यार’ वादळ झाले, कापलेले भात शेतात भिजले, उभ्या लोंब्यांस मोड आले. त्या वर्षी पुष्कळांनी मिळेल ते भात अर्धओले घरात भरले. पुढच्याच वर्षी ३ जून रोजी ‘निसर्ग’ वादळाने रायगड आणि रत्नागिरीच्या उत्तर भागात घरांची कौले व पत्रे उडविले, आणि माळ्यावर ठेवलेले बियाणे ऐन पेरणीच्या तोंडावर पावसात सापडले. लागोपाठ दोन तडाख्यांत एखाद्या घरचा वाण कसा नाहीसा होतो, हे आम्ही त्या दोन वर्षांत पाहिले.

आपल्या आज्या हे काम कसे करीत ते आठवून पाहावे. बियाण्याचे भात त्या बैलांच्या पायाखाली मळू देत नसत. निवडक पेंढ्या झोडून पहिल्या काही झटक्यांत जे भात पडे, तेवढेच बियाण्यास घेत. भरलेला दाणा आधी गळतो हे तर खरेच. शिवाय झोडणीत तूस कमी फुटते, आणि आताच आम्ही सांगितले की अळीचा दरवाजा तेथेच असतो. मग तीन-चार उन्हे देऊन, सावलीत निववून, ते भात पेंढ्याच्या मुड्यात घट्ट आवळून चुलीवरच्या माळ्यावर ठेवीत. धुराने मुडा काळा होई. धूर व चुलीची धग यांनी ओलावा हटे, पाखरू जवळ येत नसे. कोणी भातात गाळलेली राख मिसळीत. राखेत मंत्रशक्ती नाही. तिचे सूक्ष्म कण किड्याच्या अंगावरील मेणचट लेप खरवडतात व त्याच्या देहातील पाणी सुकून तो मरतो. कडुनिंबाचा व निगडीचा पालाही घालीत. पाल्याने पाखरू काहीसे दूर राहते, परंतु आत शिरलेल्या अळीस तो काही करीत नाही, आणि अर्धवट सुकलेला पाला घातला तर उलट ओलावा वाढतो. जुने ते सर्वच सोने, असे म्हणण्याची आमची तयारी नाही.

आता चूल गेली, तिच्याबरोबर धूर गेला. मुडा वळणारे हातही थोडे राहिले. त्यांच्या जागी खताचे रिकामे प्लास्टिकचे पोते आले. हे पोते विणलेले असते. त्यातून बाहेरची दमट हवा आत येते, पाखरासही वाट मिळते. म्हणजे मुड्याचा गुण नाही आणि डब्याचाही नाही. ते पोते जमिनीला व भिंतीला टेकवून ठेवले की सर्वनाशास आणखी काही लागत नाही.

यावर उपाय म्हणून शहरातील कर्तबगार मुलगा गावी औषध पाठवितो. येथे आम्हांस कठोर बोलावे लागत आहे, त्याबद्दल क्षमा असावी. एके काळी घरोघरी धान्यास डी.डी.टी. आणि बी.एच.सी.ची भुकटी चोळली जाई, डी.डी.टी.चा शेतीतील वापर १९८९ साली बंद झाला आणि बी.एच.सी.वर १९९७ साली बंदी आली. अल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्याही आल्या. हवेतील ओलाव्याने या गोळीतून फॉस्फिन नावाचा प्राणघातक वायू सुटतो. या विषावर उतारा असे औषध नाही. म्हणूनच कायद्याने या गोळ्या सरकारी संस्था व परवानाधारक कीडनियंत्रक यांच्याखेरीज कोणास विकता येत नाहीत; तरीही त्या बाजारात मिळतात आणि ज्या खोलीत लेकरे झोपतात त्याच खोलीतील कणगीत टाकल्या जातात. चार मण भातासाठी घरातील माणसे पणास लावावयाची नाहीत. ज्यांच्या घरी अशी गोळी असेल त्यांनी ती हाताळू नये, तिला पाणी लागू देऊ नये, मुलांच्या हाती पडू देऊ नये, आणि तालुक्याच्या कृषी कार्यालयास कळवावे.

मग करावे काय, असे कोणीही विचारील. बियाण्यास लागणारे भात तरी किती? एकरी पंधरा-वीस किलो. एवढ्यासाठी विषाची गरज नाही, झाकण घट्ट बसेल असा एक पत्र्याचा अथवा जाड प्लास्टिकचा डबा पुरे. भात झोडून, वारवून, पोचट दाणे काढून, चटईवर किंवा शेणाने सारवलेल्या खळ्यावर पातळ पसरावे व वरचेवर हलवावे. भर दुपारी तापलेल्या सिमेंटवर बियाणे घालू नये. दाणा त्रेचाळीस अंशांपलीकडे तापला तर किड्याच्या आधी अंकुरच मरतो. सुकले की नाही हे दाताखाली दाणा धरून पाहण्याची रीत चांगली आहे. कट्ट असा आवाज होऊन दाणा तुटला पाहिजे. ज्यांस दातांचा भरवसा नाही त्यांनी कोरड्या काचेच्या बाटलीत थोडे अगदी सुके मीठ व त्याच्या तिप्पट भात घालून हलवावे आणि दहा-पंधरा मिनिटांनी पाहावे. मीठ काचेला चिकटले तर भातात पंधरा टक्क्यांहून अधिक पाणी आहे, म्हणजे आणखी उन्हे हवीत. मीठ सुटे राहिले तरी त्यावर दोन उन्हे जास्तच द्यावीत.

सुकलेले भात रात्रभर निवू द्यावे. गरम भात डब्यात कोंडले तर आतल्या आत पाणी सुटते. मग डबा काठोकाठ भरावा. हे काठोकाठ भरणे फार महत्त्वाचे. पाकोळी दुबळी असते, ती राशीत खोल शिरू शकत नाही, वरच्या थरातच अंडी घालते. रिकामी जागाच नसेल तर तिला फडफडावयासही वाव नाही. शिवाय बंद डब्यात किडे, आत शिल्लक असले तरी, थोड्याशा हवेतील प्राणवायू संपवून स्वतःच गुदमरतात. भात कमी पडले तर वरची जागा सुक्या गाळलेल्या राखेने भरावी. झाकणाच्या कडेस मेण किंवा चिकटपट्टी लावावी, डबा लाकडी फळीवर, भिंतीपासून दूर ठेवावा, आणि वैशाखापर्यंत उघडू नये. घरच्या मंडळींस सर्वांत अवघड जाते ते हेच. दर पंधरवड्यास झाकण काढून ‘ठीक आहे ना’ म्हणून पाहण्याचा मोह आवरत नाही. मात्र भात ओले असेल तर घट्ट डब्यासारखी वाईट जागा नाही. ते आत बुरसटून कुजेल.

वैशाखाच्या प्रारंभी शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावेत व गोणपाट ओलसर राखावे. आठवड्यात किती मोड आले ते मोजावे. ऐंशी आले तर निश्चिंत पेरावे. साठ आले तर बियाणे त्या मानाने वाढवावे. त्याहून कमी आले, तरी दुसरीकडून बियाणे आणावयास तीन-चार आठवडे हाती असतात. मृग लागल्यावर हे कळून उपयोग नाही. पेरणीपूर्वी दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवून त्यात भात ओतावे. पोचट आणि किडीने पोकळ केलेले दाणे तरंगतील, ते काढून टाकावेत. तळाचे भात दोन-तीनदा चांगल्या पाण्याने धुऊन सावलीत सुकवावे. ही शिफारस कृषी विद्यापीठाची आहे, आणि तिला खर्च मिठाएवढाच.

आता हा विषय आम्ही ज्ञातीच्या मेळाव्यात का मांडला, ते सांगतो. सुधारित वाण उत्तम आहेत. कर्जतचे भात संशोधन केंद्र १९१९ पासून, दापोलीचे विद्यापीठ १९७२ पासून हे काम करीत आहे. खाऱ्या जमिनीसाठी पनवेलच्या केंद्राने स्वतंत्र वाण दिले आहेत. ज्यांच्या शेतास ते मानवतात त्यांनी ते अवश्य लावावेत. परंतु आपल्या घरोघरी राता, मुणगा, पटणी, वालय असे जे जुने वाण आहेत, ते दुकानात सहसा मिळत नाहीत. बाळंतिणीच्या पेजेचे तांबडे भात एखाद्या गावात एकाच घरी उरलेले असते. त्या एका घरच्या कणगीत पाकोळी शिरली, की त्या गावापुरता तो वाण संपला.

दक्षिण रत्नागिरीतील एका घरी आम्ही हे प्रत्यक्ष अनुभवले. पाच पिढ्यांचे तांबडे बियाणे एका उन्हाळ्यात पार पोकळ झाले. गोणपाटात शंभरांपैकी अकरा मोड आले. घरातील वृद्ध आजी दोन दिवस जेवली नाही. गावात कोणाकडे ते भात उरले नव्हते. शेवटी तिच्याच ध्यानात आले, की आपली धाकटी नणंद लग्न होऊन घाटाखालच्या दुसऱ्या गावी गेली, तेव्हा ओटीत हेच भात घातले होते. माणूस धाडला. नणंद हयात नव्हती, पण तिच्या सुनेने तो वाण राखला होता, आणि दोन पायल्या भात परत आले. सून म्हणाली, “सासूबाई सांगून गेल्या होत्या, हे माझ्या माहेरचे आहे, मोडू नका.”

दिल्लीस सरकारची बीजपेढी आहे. तेथे उणे अठरा अंश थंडीत बियाणे वर्षानुवर्षे जतन होते. ती असावी. पण जेथे आपण लेकी दिल्या आणि जेथून सुना आणल्या, ती शेदीडशे गावे हीसुद्धा एक बीजपेढीच आहे, आणि तिची वही ठेवणे आपल्या मंडळास सहज शक्य आहे. मंडळाच्या शिरगणतीच्या पत्रकात कुटुंबप्रमुखाचे नाव, शिक्षण, व्यवसाय विचारतात. त्यात आणखी एक रकाना घालावा, की घरी कोणते जुने भात पेरले जाते. मग प्रत्येक वाण निदान दोन गावी, दोन घरी राहील अशी देवघेव करता येईल. यात कायद्याची अडचण नाही. २००१ च्या वाणसंरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने आपले बियाणे राखण्याचा, पेरण्याचा व एकमेकांस देण्याचा अधिकार शेतकऱ्यास आहे. हा रकाना पुढील पत्रकात छापावा, अशी सूचना आम्ही अध्यक्षमहाराजांपुढे रीतसर ठेवीत आहोत.

निमंत्रणपत्रिकेतील विनंतीस मान देऊन ज्या भगिनींनी गावाहून मूठमूठ भात आणले आहे, त्यांनी ते भोजनोत्तर या टेबलावर मांडावे, आणि शेजारच्या कागदावर वाणाचे व गावाचे नाव लिहावे. आमच्याजवळ भिंग आहे व मिठाचे पाणीही कालविलेले आहे. ज्याचे भात तरंगेल, त्याने संकोच करू नये.